पळायला पैसे कशाला? मामांना दिलेला हिशोब

मागच्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरला मामांकडं गेलो होतो. भाताची लावणी नुकती आटपलेली, बाहेर धो धो पाऊस, नेट येतंय जातंय, आणि मी सोप्यात बसून मुंबईच्या फुल मॅरेथॉनचं, म्हणजे ४२ किलोमीटरवाल्या रेसचं, रजिस्ट्रेशन करतोय. तीनदा ओटीपी मागवला, तिन्ही वेळा यायच्या आधी पेज उडालं. मामा शेजारी सुपारी कातरत बसले होते, त्यांनी विचारलं, "कितीला बसतंय गा ते?" मी आकडा सांगितला. सुपारी कातरायची थांबली. "म्हणजे पैलवानानंच पैसे भरायचे, आणि कुस्ती पण त्यानंच धरायची?"

आता मामा गावच्या कुस्ती मैदानाच्या कमिटीत तीसेक वर्षं आहेत. हलगीवाल्यापासून पंचांच्या फेट्यापर्यंत कुठला रुपया कुठं गेला ते त्यांना तोंडपाठ असतंय, त्यामुळं "छंद आहे हो मामा" असं म्हणून सुटका होणार नव्हती. मग बसलो हिशोब सांगत. तोच इथं लिहितोय, कारण आमच्या सकाळच्या पळणाऱ्या ग्रुपमध्ये पण दरवर्षी रजिस्ट्रेशन उघडलं की हीच बोंब असते, फी वाढली फी वाढली, पण वाढली कशानं हे कोण नीट सांगत नाही.

पहिली गोष्ट, पैलवानानं पैसे भरायचे नसतात हे मामांचं म्हणणं मॅरेथॉनला पण लागू पडतंय, फक्त सगळ्यात पुढच्या पन्नासेक लोकांना. इथिओपिया, केनियाचे जे पळणारे येतात ते फी भरत नाहीत, उलट त्यांना बोलवून आणावं लागतंय, त्यांचं विमान, हॉटेल सगळं बघावं लागतंय, आणि मुंबईत जिंकणाऱ्या पुरुषाला ५० हजार डॉलर, बाईलाही तेवढेच. ती झाली निकाली कुस्ती. त्यांच्या मागं जे आम्ही हजारो उभे असतो, सहा सहा तास घेऊन पोचणारे, आम्ही म्हणजे तिकीट काढून आखाड्यात उतरलेले प्रेक्षक. हे बोलल्यावर मामांना जरा पटलं, म्हणाले बरं, मग तिकिटाचं कुठं जातंय ते सांग.

ते सांगायला मी त्यांना माझीच एक फजिती सांगितली. दोन-तीन वर्षांमागं इथं बेळगावजवळ एका हाफ मॅरेथॉनला पळालो. फी पाचशे, त्यात टी-शर्ट, मेडल आणि पळून झाल्यावर उप्पीट-शिरा. म्हटलं एवढं स्वस्त कुठं मिळतंय. जानेवारीचा महिना, म्हणजे ऐन ऊसाचा सीझन. चौदाव्या किलोमीटरला मी बऱ्यापैकी लयीत होतो आणि मागनं टेपचा आवाज यायला लागला, आधी वाटलं आयोजकांनी डीजे लावलाय, वळून बघतोय तर ट्रॅक्टर, मागं ऊसानं लोंबणाऱ्या दोन ट्रॉल्या. रस्ता एवढासा, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूनं दुधाच्या गाड्या. चौकात नववी-दहावीतलं एक पोरगं लाल फडकं घेऊन उभं होतं, ते बिचारं ट्रॅक्टरसमोर फडकं हलवतंय आणि ड्रायव्हर वरनं ओरडतोय, बाजूला व्हा की, फॅक्टरीत नंबर लागलाय माझा! तो काय चुकीचा नव्हता, त्याचा रस्ता, त्याचा नंबर. आम्हीच सगळे चरीत उतरलो, ट्रॉल्या गेल्या, परत वर आलो. आणि शेवटी फिनिशला घड्याळात बघतोय तर २०.४ किलोमीटर. हाफ २१.१ ची असते. सातशे मीटर कुठं गेले विचारलं तर म्हणे जीपीएसमध्ये असा फरक पडतोच.

तर मोठ्या शहराच्या मॅरेथॉनमध्ये आपण मुख्यतः पैसे भरतो ते हा ट्रॅक्टर येऊ नये म्हणून. टी-शर्ट, मेडल, केळं हे सगळं वरचं. रस्ता बंद करणं हे सगळ्यात महागाचं काम, कारण एक रस्ता बंद केला की त्याला येऊन मिळणारी प्रत्येक गल्ली बंद करावी लागते, प्रत्येक तोंडाला बॅरिकेड, प्रत्येक बॅरिकेडला माणूस, ट्रॅफिक पोलीस, बस दुसरीकडनं वळवायची, आणि हे पहाटेपासून दुपारपर्यंत. मुंबईत तर वांद्रे-वरळी सी लिंकवरनं पळायला मिळतंय, जिथं एरवी चालत पाऊल टाकायला पण बंदी आहे. पूल काही तासांसाठी पळणाऱ्यांच्या हवाली करायचा म्हणजे त्या वेळेचा टोल बुडला.

हा टोल किती मोठा विषय आहे ते न्यूयॉर्कला दिसलं. तिथली रेस व्हेराझानो नावाच्या पुलावर सुरू होते, आणि २०२४ मध्ये पूल सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानं आयोजकांना सांगितलं की आमचा बुडालेला टोल भरून द्या, साडेसात लाख डॉलर. शेवटी तिथल्या गव्हर्नर बाईंनी मध्ये पडून ते थांबवलं. पण समजा थांबवलं नसतं, तर ते पैसे कुणाच्या फीमधनं निघाले असते?

मामा म्हणाले, "गणपतीला रस्ता बंद करतातच की, तेव्हा कोण टोल मागतंय?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि सगळं बेळगाव ते गृहीत धरून असतंय. मॅरेथॉनला तेवढी पुण्याई नाही, एवढंच म्हणू शकतो.

सिक्युरिटीचा खर्च पण ह्यातच येतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या फिनिश लाईनजवळ बॉम्बस्फोट झाले, त्याच्यानंतर जगभर मोठ्या रेसचं रूपच बदललं. बॅगा तपासणं, पारदर्शक पिशवीतनंच सामान, कॅमेरे, श्वानपथक. पळणाऱ्याला ह्यातलं निम्मं दिसत पण नाही, पण बिल लागतंय.

आता अंतराचं. माझ्या हाफमध्ये सातशे मीटर गायब झाले, पण जिथलं टायमिंग जगात मान्य होतं तिथं असं चालत नाही. तिथं मार्ग मोजायला जीपीएस वापरत नाहीत, सायकल वापरतात! सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटं मोजयंत्र बसवायचं, आधी स्टीलच्या टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चालवून यंत्र तपासायचं, आणि मग ट्रेनिंग घेतलेला माणूस पळणारा जिथनं जवळात जवळ जाऊ शकेल तशी वळणं कापत सगळा मार्ग सायकलवरनं मोजतो. वर आणि हजाराला एक ह्या हिशोबानं मुद्दाम जास्त धरायचं, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला साधारण ४२ मीटर वाढीव, की मोजण्यात बारीकशी चूक झाली तरी मार्ग आखूड निघू नये. मामांना हे फार आवडलं, दोनदा सांगायला लावलं.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, त्याच्या मागं स्टिकरसारखी एक पातळ पट्टी असते बघा, ती टायमिंग चिप. पूर्वी ही चिप बुटाच्या लेसला बांधायची आणि संपल्यावर परत द्यायची, आता एकदा वापरायची आणि टाकायची. स्टार्टला, मध्ये मध्ये आणि फिनिशला जमिनीवर मॅट पसरलेली असते, त्यावरनं गेलं की नोंद होते. म्हणून गर्दीत मागं उभं राहून दहा मिनिटं उशिरा सुटलो तरी आपली खरी वेळ वेगळी मिळते. चिपपेक्षा ती मॅटवाली यंत्रं, ती सांभाळणारी माणसं आणि पळता पळता घरच्यांच्या मोबाईलवर दिसणारं लाईव्ह ट्रॅकिंग ह्यालाच पैसा जातोय.

पाण्याचा हिशोब मामांना टँकरमध्ये सांगितला. समजा फुलला १३ हजार लोक आहेत, प्रत्येक जण वाटेत पंधरा वेळा २०० मिली पाणी घेतोय, निम्मं पितोय निम्मं डोक्यावर ओततोय. झाले ३९ हजार लिटर, म्हणजे पाच हजारवाले आठ टँकर. आणि ते टँकरनं द्यायचं नाहीये, जवळजवळ दोन लाख ग्लास नाहीतर बाटल्या, रात्री तीनला टेबलावर मांडायच्या आणि दुपारी रस्त्यावरनं वेचायच्या. हे फक्त फुलचं. मुंबईत सगळ्या प्रकारांत मिळून २०२५ ला साठ हजारांवर माणसं होती.

"बरं," मामा म्हणाले, "पण माणसं जास्त आली तर खर्च वाटला जातोय की. आमच्या मैदानाला मांडव तोच, माणूस दहा हजार येऊ दे नाहीतर वीस." बरोबर पॉइंट होता, आणि अर्धा खरा आहे. काही खर्च मांडवासारखा असतो, रस्ता बंद करायला एक कोटी लागणार असतील तर हजार जण पळाले काय आणि दहा हजार काय, एक कोटीच. हजार जणांत माणशी दहा हजार पडतात, दहा हजार जणांत एक हजार. पण दुसरा खर्च ताटासारखा, माणूस वाढला की ताट वाढलं, बिब, चिप, मेडल, पाणी, फिरते संडास. आणि माणसं फारच वाढली की मांडव पण मोठा करावा लागतोय, एकदम सोडता येत नाहीत म्हणून बॅचमध्ये सोडायचे, म्हणजे रस्ता अजून जास्त वेळ बंद, अँब्युलन्स जास्त, डॉक्टर जास्त. तरी पण, खर्च एवढा एवढा आहे म्हणून फी एवढी, हे अर्धंच उत्तर झालं.

उरलेलं अर्धं असं, की फी किती ठेवायची हे खर्चावर ठरतंय तेवढंच दारात उभ्या असलेल्या लाईनवर पण ठरतंय. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० मध्ये झाली, एका पार्कमध्येच गोल गोल फेऱ्या मारून. फी एक डॉलर. १२७ जणांनी नावं दिली, ५५ जणांनी पूर्ण केली. महागाई धरली तर तो एक डॉलर आजच्या आठेक डॉलरच्या आसपास येतो, आणि आता तिथली फी आपल्यासारख्याला तीनशे डॉलरच्या वर आहे, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या पुढं, तेही लॉटरीत नाव निघालं तर. आठचे तीनशे काही नुसत्या बॅरिकेडनं झाले नाहीत. लंडनला १९८१ मध्ये पहिल्या वर्षी सात हजारांच्या आसपास लोक पळाले, २०२६ च्या रेसच्या लॉटरीला अर्ज आले ११ लाखांवर. रस्त्यावर मावणार साठेक हजार. एवढी लाईन असेल तर तिकीट कितीला पण खपेल. लंडनवाले निदान त्यांच्या देशातल्या माणसाला शंभर पाउंडांच्या आतच ठेवतात आणि बाकी नशिबावर सोडतात. परदेशातनं येणाऱ्याला मात्र त्याच्या दुपटीहून जास्त, वर विमानानं येणार म्हणून कार्बनच्या नावानं जादा आकार लावतात ते वेगळं. मला ते एका अर्थी बरोबरच वाटतंय, त्यांचा रस्ता, त्यांचा टॅक्स, त्यांच्या गल्लीतला त्रास. पण रुपयात गुणाकार केला की बरोबर वाटायचं बंद होतंय.

आपल्याकडं लॉटरीपेक्षा 'आधी येईल त्याला' जास्त चालतंय, म्हणून अर्ली बर्ड नावाचा प्रकार. लवकर भरा, थोडं स्वस्त. आयोजकाला त्यात फायदा असा की सहा महिने आधी पैसा हातात येतो, मेडल आणि टी-शर्टची ऑर्डर किती द्यायची कळतंय, आणि स्पॉन्सरला आकडा दाखवता येतो. मोठ्या रेसला स्पॉन्सर लागतोच, आपली फी सगळ्या खर्चाला पुरत नाही. मुंबईची रेस २००४ ला सुरू झाली तेव्हापासून आधी एका बँकेचं नाव पुढं होतं, २०१८ पासून टाटांचं. ज्या वर्षी स्पॉन्सर हात आखडतो त्या वर्षी फरक कुणाकडनं काढणार ते सांगायला नको.

आणि पेमेंटच्या शेवटच्या पानावर जी चिडचिड होते तिचं कारण वेगळंच आहे. बहुतेक ठिकाणी जाहिरातीत जी फी मोठ्या अक्षरात असते तिच्यावर १८ टक्के जीएसटी नंतर लागतो, त्याच्यावर वेबसाईटवाल्याची कन्व्हिनियन्स फी. अडीच हजार बघून आत गेलेला माणूस तीन हजार भरून बाहेर येतो. ह्यात आयोजकाच्या खिशात जास्तीचं काही गेलेलं नसतंय, पण शिव्या त्यालाच. त्यांनी एकदाच सगळं धरून आकडा लिहावा ना, भाजीवाला पण तेवढं करतो.

हे झालं फीचं. पण बेळगावच्या माणसाला फी म्हणजे नुसता नारळ, पूजा पुढंच असते. आपण असे मध्ये अडकलोय की मुंबई पाचशे किलोमीटर आणि बंगळूर पण पाचशे किलोमीटर. बिब कुरिअरनं येत नाही, आधारकार्ड घेऊन स्वतः जाऊन आणायचा, रेसच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत. मुंबईकर ऑफिस सुटल्यावर जाऊन घेऊन येतो. आम्हाला शुक्रवारी रात्री स्लीपर बस धरायची, शनिवारी सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी उतरायचं, बिबच्या लाईनीत दोन तास पाय मोडून घ्यायचे, जे पाय दुसऱ्या दिवशी ४२ किलोमीटर पळणार आहेत, मग सीएसएमटीच्या जवळ लॉज बघायचा कारण पहाटे स्टार्टला पोचायचंय. आणि रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीला गावाकडं आलेली सगळी जनता परत निघालेली असते, बसवाले काय सोडतात होय? मागच्या खेपेला माझी फी तीन हजारांच्या आत होती आणि बस, लॉज, खाणं, टॅक्सी धरून बाकीचे साडेनऊ हजार गेले. फी दुप्पट झाली असती तरी एकूण खर्च पावपटच वाढला असता. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये कोण फीवरनं फार तावातावानं बोलायला लागला की मी त्याला लॉजचं बिल विचारतो.

अजून एक लपलेला खर्च आहे. मुंबईची फुल पळायची तर आधी कुठल्या तरी टायमिंगवाल्या हाफचं नाहीतर फुलचं सर्टिफिकेट लागतंय. हेतू चांगलाय, काहीच सराव नसलेला माणूस पेडर रोडच्या चढावर झोपू नये. पण त्या सर्टिफिकेटसाठी आधी दुसरी रेस, तिची फी, तिचा प्रवास. माझ्या त्या ऊसवाल्या हाफचं सर्टिफिकेट काही कामाचं नव्हतं, सातशे मीटर कमी आणि हातानं लिहिलेली वेळ, म्हणून वेगळी रेस पळावी लागली. पाचशेची रेस मला त्या वर्षी सगळ्यात महाग पडली.

आजारी पडलो तर? पैसे गेले. बहुतेक ठिकाणी रिफंड नाही, बिब दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे ऐकायला लुटालूट वाटतंय आणि थोडी आहे पण, पण दुसऱ्याचा बिब लावून गुपचूप पळणाऱ्यांना मी कायम सांगतो, बाबांनो, रस्त्यात कोसळलात तर डॉक्टर बिबचा नंबर टाकून माहिती बघणार, आणि फोन जाणार दुसऱ्याच्याच घरी.

चॅरिटी बिबचं थोडक्यात: एखाद्या संस्थेसाठी ठरलेली रक्कम जमवून द्यायची, बदल्यात हमखास जागा. पैसा चांगल्या कामाला जातो, वाद नाही, फक्त त्यामुळं साध्या फीच्या जागा कमी होतात आणि ज्याचे मित्र श्रीमंत त्याला दार उघडं, असंही होतंय.

मी स्वतः आता असं करतो की मुंबई तीन वर्षांतनं एकदा, आणि मधल्या वर्षांत सातारा, कोल्हापूर, गोवा, जिथं रात्री निघून सकाळी पोचता येतंय किंवा कुणाकडं तरी झोपायची सोय होते. टी-शर्ट नको असा पर्याय असेल तर तो घेतो. घरात एवढे झालेत की आईनं दोन टी-शर्टची लादी पुसायची फडकी केलीत, एकावर 'फिनिशर' अजून वाचता येतंय.

हे सगळं मामांनी दोन तास ऐकून घेतलं. ओटीपी तोवर आला, पैसे गेले, कन्फर्मेशनचा मेल पण आला. मला वाटलं आता पटलं असेल. पान लावता लावता त्यांनी एकच विचारलं, "ते पाणी वाटणारी पोरं, रात्री तीनला उठून आलेली. त्यांना किती देतात?"

म्हटलं, बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत मामा, व्हॉलंटियर असतात. टी-शर्ट, सर्टिफिकेट आणि नाश्ता.

"आमच्यात पण नाश्ताच देतात," मामा म्हणाले आणि चुन्याची डबी शोधायला लागले.